शहराची वेस ओलांडताना : ॲमस्टरडॅमबाहेरच्या एका दिवसाच्या सायकल सहली

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून बोलीतली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. इथं किती जणांना सायकल चालवता येते? हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता दुसरा प्रश्न. गेल्या वर्षभरात सायकलवरून शहराच्या बाहेर कोण जाऊन आलं? पाच, सहा... सात. ठीक आहे. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

पुण्यात बसून मी ॲमस्टरडॅमबद्दल का बोलतोय, तेही सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं किंवा भाचे-पुतणे तिकडे नोकरीला आहेत. ॲमस्टरडॅमला लागून ॲमस्टलव्हेन नावाचं गाव आहे, तिथं भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आई-वडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने जातात, कालव्यातून बोटीची फेरी होते, ट्युलिप बघून होतात आणि मग घरात बसून राहतात. मीही तिथं काही वर्षं राहिलो. तो देश मला सायकलवर बसून शहराबाहेर पडल्यावरच दिसला.

माझा मुद्दा एका वाक्यात सांगतो. एखादं शहर सायकलचं आहे की नाही, हे त्या शहराच्या मध्यभागी कळत नाही, ते त्याच्या वेशीवर कळतं. गावात चार रस्त्यांना लाल पट्टा मारणं सोपं असतं. पण घरातून निघालेला माणूस, सोबत दहा-बारा वर्षांचं मूल किंवा सत्तरीची आई असताना, ट्रकच्या शेजारून न जाता शेतापर्यंत पोहोचतो का? ही खरी परीक्षा.

हे आपोआप झालेलं नाही

आपल्याला वाटतं, डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे. सायकल जुनी आहे हे खरं. १८८३ साली तिथं सायकलस्वारांची एक संघटना निघाली, तिचं नाव एएनडब्ल्यूबी. गंमत म्हणजे आज ही संस्था मुख्यतः मोटारवाल्यांना रस्त्यात मदत करणारी म्हणून ओळखली जाते. म्हणजे मधल्या काळात काय झालं असेल, ते या एका गोष्टीवरून लक्षात येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले आणि सायकल कडेला ढकलली गेली. अगदी आपल्यासारखंच.

१९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यात चारशेहून जास्त मुलं होती. व्हिक लँगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी त्यातलीच एक. त्यानं १९७२ मध्ये लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-बाप रस्त्यावर आले, वाहतूक अडवली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि सरकारनं काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. त्या रविवारी लोकांना रिकामा रस्ता दिसला, मुलं हायवेवर खेळली. १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी संघटना निघाली. आज जे लाल डांबराचे मार्ग दिसतात, ते त्यानंतरच्या पन्नास वर्षांच्या भांडणातून आलेले आहेत. ते बघून आपण हळहळायचं नाही, इतकंच सांगायचंय. ते माणसांनी मागून घेतलेले आहेत.

उत्तरेची वेस : फुकटची फेरीबोट

आता प्रत्यक्ष बाहेर पडू या. ॲमस्टरडॅमच्या सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूला 'आय' नावाचं रुंद पाणी आहे. त्यावरून फेरीबोट जाते. तिकीट नाही, रात्रंदिवस चालू. पादचारी आणि सायकलवाले यांच्यासाठी. मोटार चढत नाही. सायकल हातात धरून आत उभं राहायचं, पाच मिनिटांत पलीकडे.

पलीकडे उत्तर ॲमस्टरडॅम. तिथून पूर्वेकडे जुन्या बांधाच्या रस्त्याला लागलात की घरं लहान होत जातात, लाकडी होत जातात आणि स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटरवर तुम्ही डुर्गरडॅमला पोहोचता. एका रांगेत बसलेलं कोळ्यांचं जुनं गाव. मध्ये शहराचा रिंगरोड लागतो, पण तो वेगळ्या पातळीवर आहे, त्याच्या गाड्यांमध्ये तुम्हाला मिसळावं लागत नाही. माझ्या दृष्टीनं सहलीतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच, आणि ती कुठल्याही गाइडबुकात नसते. तुम्ही वेस ओलांडलेली असते आणि तुम्हाला पत्ताही लागलेला नसतो.

या भागाचं नाव वाटरलँड, म्हणजे पाण्याचा मुलूख. बांधावर सायकल थांबवा आणि दोन्हीकडे बघा. उजवीकडे पाणी. डावीकडे गवताळ जमीन, गायी, चर. ही जमीन पाण्यापेक्षा खाली आहे. नकाशावर हे वाचून कळत नाही, बांधावर उभं राहिल्यावर पोटात कळतं. जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची. शेतीसाठी तिच्यातलं पाणी उपसलं की ती आकसते, खचते. मग आणखी उपसावं लागतं. शेकडो वर्षं हेच चाललंय.

उजवीकडचं पाणी आज गोडं आहे, पण पूर्वी तो समुद्र होता. जानेवारी १९१६ मध्ये वादळात इथले बांध फुटले आणि हा सगळा मुलूख बुडाला. त्यानंतर समुद्राचं तोंडच बंद करायचं ठरलं, आणि १९३२ मध्ये मोठा बांध घालून ते बंद केलं. पुरानंतर इथल्या छोट्या गावांना आपला खर्च झेपेना, म्हणून १९२१ मध्ये ती ॲमस्टरडॅममध्ये विलीन झाली. म्हणजे डुर्गरडॅम कागदावर आजही ॲमस्टरडॅम शहरच आहे. वाटेत बांध एकदम वळसा घेतो आणि आतल्या बाजूला तळं दिसतं. तिथं कधीतरी बांध फुटलेला असतो. पाण्यानं इतका खोल खड्डा पाडलेला असतो की भरून काढण्यापेक्षा त्याला वळसा घालून नवा बांध घालणं सोपं. किन्सलमेर हे मोठं तळं असंच तयार झालं. गाडीतून जाताना हे वळण नुसतं वळण असतं. सायकलवर तुम्हाला ते वाचता येतं.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर गवतात लांब चोचीचा पक्षी ओरडताना दिसेल. भिगवणला जाणारे लगेच ओळखतील : काळ्या शेपटीचा पाणटिवळा. तो नेदरलँड्सचा राष्ट्रीय पक्षी आहे. तिकडे वाढलेले पाणटिवळे हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेकडे जातात, आपल्याकडे नाही. पण ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं खरं.

पुढे आउटडॅम आणि मग मार्कन. मार्कन १९५७ पर्यंत बेट होतं. मग त्याला जोडणारा रस्ता झाला. घरं उंचवट्यांवर किंवा खांबांवर, कारण पूर यायचा. शहरातून इथपर्यंत साधारण वीस किलोमीटर. परत येताना मॉनिकंडॅम, ब्रूक असं आलात की पंचेचाळीसच्या आसपास भरतं.

तिकडचा घाट म्हणजे वारा

इथं माझी एक फजिती सांगतो, कारण त्यातून बरंच शिकायला मिळालं. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही तिघं, मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी, मार्कनला निघालो. काय सायकल पळत होती! मी बायकोला म्हटलं, बघ, सपाट देश असला की कसं असतं. मार्कनला कॉफी, फोटो, सगळं निवांत. साडेपाचला परत फिरलो आणि सायकल पुढे जाईना. सकाळी जो वारा पाठीला होता, तो आता तोंडावर होता. मार्कनहून बस आहे, पण बसमध्ये सायकल घेत नाहीत. रेल्वे नाही. अंधार पडला, माझ्या मागच्या दिव्याचा सेल गेलेला. साडेआठला फेरीबोटीवर पोहोचलो तेव्हा मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. तिचं बरोबर होतं.

हिशेब समजून घ्या. तुम्ही ताशी १५ किलोमीटरनं चालवताय. समोरून २० किलोमीटरचा वारा आहे, तिकडे हा काही विशेष वारा नव्हे. तुमच्या अंगावर येणारी हवा ३५ ची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वारा पडलेला असताना जितका विरोध असतो, त्याच्या जवळजवळ साडेपाच पट. तोच वारा पाठीला असेल तर तो तुमच्यापेक्षा जोरात वाहतोय, म्हणजे उलट ढकलतोय. डोंगर निदान दिसतो तरी. वारा दिसत नाही, आणि पाठीला असला की जाणवतही नाही. आपल्याला वाटतं आपल्याच पायात दम आहे.

तिथं बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यावरून तीन नियम :

पहिला, निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना तो पाठीला घ्या. दमलेल्या माणसाला मदत लागते, ताज्याला नाही.

दुसरा, वाऱ्याच्या विरुद्ध ट्रेननं जा आणि वाऱ्याबरोबर सायकलनं या. उदाहरणार्थ, ट्रेननं समुद्रकाठच्या झांडफोर्टला जायचं आणि हार्लेमवरून सायकलनं शहरात यायचं. साधी सायकल ट्रेनमध्ये न्यायला वेगळं तिकीट लागतं आणि सोमवार ते शुक्रवार गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा, नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आणि शनिवार-रविवारी हे बंधन नाही. घडीची सायकल घडी करून केव्हाही फुकट.

तिसरा, वाटेत कुठे ना कुठे रेल्वे स्टेशन येईल असा मार्ग आखा. मार्कनच्या सहलीत मॉनिकंडॅमहून पुर्मेरेंडला वळलं असतं तर ट्रेन मिळाली असती. मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

आकड्यांची वाट

आता रस्ता कसा सापडतो? तिकडे एक जुनी आणि एक नवी पद्धत आहे. जुनी म्हणजे रस्त्याकडेचे बुटके, अळंब्यासारखे दिशादर्शक. त्यांना नावच 'अळंबी' आहे. पहिलं १९१९ मध्ये बसवलं. सायकलवर बसलेल्याला किंवा पायी चालणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर गावाचं नाव आणि अंतर लिहिलेलं असतं. मोटारवाल्याला ते दिसतही नाही.

नवी पद्धत आली शेजारच्या बेल्जियममधून. तिथल्या लिंबर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या, त्या एकामागून एक बंद पडल्या. त्या भागाला दुसरं काहीतरी हवं होतं. ह्यूगो बोलन नावाच्या खाण-अभियंत्यानं एक साधी कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये ती प्रत्यक्षात आली. मार्गांना नावं द्यायचीच नाहीत. जिथं दोन चांगल्या सायकलवाटा मिळतात, त्या नाक्याला नंबर द्यायचा. प्रत्येक नाक्यावरून पुढच्या नाक्याकडे बाण. बस.

त्याचा उपयोग काय? समजा तुम्ही घरून कागदावर लिहून निघालात : ४७, ५२, ४६, ३१. बावन्नला पोहोचलात, ढग आले किंवा मूल कंटाळलं. नाक्यावर नकाशाची पाटी असते. बघायचं, आणि सेहेचाळीसऐवजी परतीचा नंबर पकडायचा. ठरलेल्या मार्गावर एकदा निघालं की तो पूर्ण करावा लागतो. आकड्यांच्या जाळ्यात सहल वाटेत लहान-मोठी करता येते. म्हणून ती मुलांना, वयस्कांना, नवख्यांना सोयीची. भाषाही लागत नाही, आकडे कळले की झालं. नेदरलँड्सनं ही पद्धत उचलली आणि आज देशभर ती आहे. एक लक्षात ठेवा, हे जाळं जवळच्या रस्त्याचं नसतं, चांगल्या रस्त्याचं असतं. मुद्दाम वळशानं नेतं. आणि तेच नंबर दुसऱ्या भागात पुन्हा येतात, म्हणून आकड्यांबरोबर गावाचं नावही लिहून ठेवा.

पूर्व आणि दक्षिण

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी पूर्वेची सहल सुचवतो. तिकडे वेशीवर मोठा जहाजी कालवा आडवा आहे. त्यावर २००६ मध्ये 'नेसिओ' नावाचा झुलता पूल झाला, चढ-उतारासकट सुमारे ७८० मीटर लांब, आणि तो आहे फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी. नाव एका डच लेखकाचं. पूल ओलांडून जुन्या समुद्री बांधाच्या कडेनं माउडेनला जायचं. तिथं तेराव्या शतकातला छोटा, देखणा किल्ला आहे. शहरापासून पंधरा किलोमीटर. पुढे चार-पाच किलोमीटरवर वेस्प, तिथून ट्रेननं परत. एकूण वीस किलोमीटर, आणि वाऱ्याची भीती नाही.

ॲमस्टलव्हेनला राहणाऱ्यांसाठी तर जंगल दारातच आहे. साधारण हजार हेक्टरचं, आणि सगळं माणसांनी लावलेलं. १९३४ मध्ये मंदी होती, बेकारांना काम द्यायचं म्हणून समुद्रसपाटीखालच्या जमिनीत हातांनी खणून, झाडं लावून ते उभं केलं. दुष्काळी कामांतून झालेले आपले तलाव आठवा. जंगलातून बाहेर पडून ॲमस्टल नदीकाठी आलात की १६३६ ची एक पवनचक्की आणि शेजारी चित्र काढायला टेकलेल्या रेम्ब्रांटचा पुतळा आहे. तिथून नदीकाठानं आउडरकर्क गाव. रविवारी इथं रेसिंग सायकलवाल्यांचे जथे असतात, तेव्हा उजवी कड सोडू नका.

वेशीवरचा प्रश्न

शेवटी आपल्याकडे येतो. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. बाहेर पडायला आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी सुंदर जागा आहेत. खडकवासला, पानशेत, सिंहगडाचा पायथा. त्यांना डोंगर नाही, आपल्याला आहे. पण मी मघाशी विचारलं तेव्हा सातच हात का आले? दम नाही म्हणून नव्हे. सिंहगडाचा घाट चढणं अवघड नाही हो, सिंहगड रस्ता पार करणं अवघड आहे. पहाटे पाचला निघतात ते निसर्गासाठी नाही, ट्रक टाळण्यासाठी निघतात. आणि पहाटे पाचला कोण निघू शकतं? तरुण, धडधाकट, बहुतेक पुरुष. वेस अवघड असली की बाहेर कोण जाणार हे अशी ठरवते.

म्हणून सायकल ट्रॅकची मागणी कराल तेव्हा किती किलोमीटर झाले हे जरूर विचारा, पण तो कुठे संपतो हेही विचारा. तो शेताशी, नदीशी, तळ्याशी संपत असेल तर लोक जातील. उड्डाणपुलाच्या तोंडाशी संपत असेल तर त्यावर गाड्या लावल्या जातील.

प्रश्नोत्तरे

श्रोत्या : मी पासष्टची आहे. कॉलेजला रोज सायकलनं जायचे, पण तीस वर्षांत हात लावलेला नाही. मुलगा ॲमस्टलव्हेनला आहे. जमेल?

उत्तर : नक्की जमेल, काकू. फक्त एक सांभाळा. तिकडच्या बऱ्याच साध्या सायकलींना हाताला ब्रेक नसतो, पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर पेडल मागे फिरवायची सवय असते. तसं केलंत तर सायकल जागच्या जागी थांबेल. म्हणून पहिले दोन दिवस त्या जंगलातल्या वाटांवर सराव करा. हातब्रेकची सायकलही मिळते, आधी मागून ठेवा. सीट थोडी खाली घ्या, म्हणजे दोन्ही पाय टेकतील. आणि बॅटरीची सायकल घेण्यात कमीपणा मानू नका. तिथं नव्यानं विकल्या जाणाऱ्या सायकलींत जवळपास निम्म्या त्याच असतात. ताशी २५ पर्यंत ती मदत करते, वाऱ्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

श्रोता : नियम कडक आहेत का? दंड वगैरे?

उत्तर : आहेत. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. चालवताना फोन हातात धरला तर २०१९ पासून दंड आहे. साध्या सायकलला हेल्मेटची सक्ती नाही. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं, हक्क समोरच्याचा. वळताना हात दाखवा. आणि सायकलमार्गावर फोटोसाठी थांबू नका, बाजूला गवतात उतरा. दंड होईल म्हणून नाही, मागचा माणूस तुमच्यावर आदळेल म्हणून.

श्रोता : एका दिवसात किती अंतर धरावं?

उत्तर : थांबे, खाणं, फोटो धरून ताशी दहा किलोमीटर. पहिल्यांदा वीस, मग तीस. मुलं असतील तर त्यांना विचारून ठरवा. पंचेचाळीसला जाण्याआधी मात्र वाऱ्याचा अंदाज बघा. आणि मागच्या दिव्याचा सेलही.